सोफेवाल्याची मखमल

काडीमावशीला राग यायला वेळ लागत नसे. पाण्याची नळी गुंडाळून न ठेवता कुणी वाटेत टाकली, की राग. कुंडी हाताने न उचलता पायाने सरकवली, की राग. पण तो राग दुधासारखा होता. भसकन वर यायचा, नि कुणी फुंकर मारायच्या आतच खाली बसायचा. रोपवाटिकेतल्या बायका म्हणायच्या, "मावशी ओरडल्या म्हणजे दिवस नीट उजाडला."

यंदा आलेला राग मात्र खाली बसलाच नाही.

मावशी अठराव्या वर्षी या रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरायला आली. नवरा तिथल्याच टेम्पोवर होता. माणूस बरा, पण त्याच्याकडून एक वाक्य काढायचं म्हणजे अडकलेला खिळा उपसायचा. तो वारला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती, आणि मावशीने तिसऱ्या दिवशी येऊन पुन्हा पिशव्या भरायला घेतल्या. तिचं रडणं कुणी पाहिलं नाही. ती रडली नसेल असं नाही, पण तो तिचा मामला.

म्हाताऱ्या मालकांनी तिला काडी लावायला शिकवली. मोगऱ्याची काडी तीन पेरांची. खालचा काप पेराच्या अगदी खाली आणि तिरका, वरचा सरळ, म्हणजे घाईत उलटी लागायची भीती नाही. खालची पानं काढायची, वरची दोन अर्धी कापायची, आणि ओल्या वाळूत बोट घालून आधी भोक पाडायचं. काडी नुसती खुपसली की साल सोलली जाते. हे चारदा सांगून झाल्यावर पाचव्यांदा चुकलं, तर म्हातारे मालक हातातली काठी वाळूवर आपटायचे आणि म्हणायचे, "मेलीस तरी चालेल, काडी मरता कामा नये." मावशी मेली नाही. काड्याही मेल्या नाहीत. शंभर लावल्या तर पंचाण्णव फुटायच्या. इतरांच्या सत्तर फुटल्या तरी त्या दिवशी चहा जास्त गोड लागायचा.

तिथे एक रीत होती. प्रत्येक लावणारीचा आपला दोरा असे. काडीला मुळं धरली, रोप पिशवीत गेलं, की बुंध्याला त्या दोऱ्याचा सैल वेढा. मावशीचा दोरा निळा. कुणाचा हात चालतो आणि कुणाचा नुसता तोंडाचा पट्टा, हे त्यावरून कळायचं. गिऱ्हाईक तो दोरा काढायच्या फंदात पडत नसे, त्यामुळे आसपासच्या दहा-वीस मैलांत निळे वेढे घातलेले मोगरे उभे होते. बाजारात फुलवाले म्हणायचे, "निळ्या दोऱ्याचं द्या." मावशीला कुणी कधी शाल दिली नाही की टाळ्या वाजवल्या नाहीत. हे एवढंच होतं, आणि ते तिला भरपूर होतं.

दुसरी रीत गंधकाची. नवी पालवी फुटायला लागली की म्हातारे मालक मोगऱ्याच्या ओळींवर गंधक फवारायला लावत, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा. कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणत, "लव येते." एवढंच. लव म्हणजे काय, हे बघायची वेळच कुणावर आली नव्हती.

मग म्हातारे मालक अंथरुणाला खिळले आणि त्यांचा जावई आला.

जावई वाईट माणूस नव्हता, एवढं मावशीही कबूल करायची. आंघोळ केल्यासारखा दिसायचा, शिवी द्यायचा नाही. पण त्याने वीस वर्षं सोफ्याचं कापड विकलं होतं, आणि तो झाडाकडेही ताग्याकडे बघावं तसा बघायचा. आल्याआल्या त्याने गंधक बंद केलं. "गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावतं, मावशी. रोपवाटिकेत सुगंध यायला हवा."

"सुगंध फुलाचा येतो, मालक. फूल आलं तर."

"येईल हो."

पुढच्या पालवीला लव आली. पश्चिमेच्या कुंपणाजवळची मावशीची ओळ, काड्यांसाठी राखलेली. पानांवर आधी पांढरट ठिपके, मग जाडसर लव, मग शेंडा, कळी, कोवळा दांडा, सगळ्यावर जणू कुणी फ्लॅनेल चढवलेलं. पानं आतल्या बाजूला वळलेली. मावशीने पान तोडून उलटंपालटं केलं, नखाने खरवडलं. लव निघेना. बुरशी असती तर पुसली गेली असती. ही पानातूनच उगवली होती, अंगावर केस उगवावेत तशी.

जावई मागून आला. पान तिच्या हातातून घेतलं आणि चक्क गालावर फिरवलं.

"मावशी! ही व्हरायटी कुठली?"

"व्हरायटी कसली, खरूज आहे."

"झाडाला कुठे खरूज होते?"

"मग मखमल होते का?"

"तेच तर म्हणतोय मी!" त्याचे डोळे चमकले. "काय पोत आहे बघा. असा पोत यायला गिरणीला सहा प्रक्रिया कराव्या लागतात. इथे फुकट उगवलाय!"

आठवड्याच्या आत फाटकावर पाटी लागली: हिममखमल मोगरा, पान पाहा, हात लावून पाहा. आणि लोकांनी हात लावून पाहिलं. माणसाला कशाचंही वेड लावता येतं, फक्त पाटी मोठी हवी.

त्याने फर्मान काढलं की त्या ओळीच्या जितक्या निघतील तितक्या काड्या लावा, आणि शेंड्याच्या कोवळ्या घ्या, तिथे लव दाट आहे. मावशी नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाली. "कळ्या बघा, मालक. हिरव्या गाठी होऊन बसल्यात. उमलत नाहीत. फूल न येणारा मोगरा म्हणजे काय, दात नसलेली करवत?"

"लोक पानासाठी नेतील."

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा नाही म्हणाली, तेव्हा जावई शांतपणे म्हणाला, "ठीक आहे. तुम्हाला जमत नसेल तर बुटकी लावेल. तिला ती ओळ देऊन टाकतो."

बुटकी म्हणजे मावशीच्या हाताखालची. काप घेताना तिची कात्री साल चिरडायची, आणि तिच्या सत्तरसुद्धा फुटत नसत. मावशीची ओळ बुटकीच्या हातात! जाणून होता जावई. कापड विकणाऱ्याला गिऱ्हाईकाचं दुखरं बोट पहिल्यांदा सापडतं.

मावशीने कात्री उचलली. चारशे पस्तीस काड्या लावल्या, चारशे तेरा फुटल्या. तिच्या हाताला यश होतंच. खरूजसुद्धा तिच्या हाताखाली धष्टपुष्ट वाढली. चारशे तेरांना निळा दोरा बांधून त्या गाडीत चढल्या आणि गेल्या.

पुढच्या बहराच्या तोंडावर फुलवाली आली. नदीकडच्या अंगाला तिचा अर्ध्या एकराचा मोगरा होता, सगळा मावशीच्या हातचा, बारा वर्षं जुना. त्यात तिने हौसेने हिममखमलची वीस रोपं बांधावर लावली होती. आता तिच्या हातात एक फांदी होती आणि तोंडात आग.

"कुठे आहे तो मखमलवाला? बाहेर ये म्हणावं! माझी बाग पांढरी पडली. बांधापासून सुरू झालं आणि आता विहिरीपर्यंत पोचलंय. कळ्या बघ, ह्या बघ! शेळीच्या लेंड्या बऱ्या, त्या निदान खताला होतात!"

तिच्यामागून आणखी पाच-सहा जण आले होते. सगळ्यांच्या हातात फांद्या, एकाच्या हातात तर उपटलेलं अख्खं रोप, जणू मिरवणूक. जावई बाहेर आला, फांदी निरखली, आणि त्याची नजर त्या रोपाच्या बुंध्यावर गेली.

"दोरा कुणाचा आहे हा?"

निळा रंग सगळ्यांनाच दिसत होता.

"निळा. म्हणजे मावशींचा," जावई म्हणाला. आवाज अगदी मऊ. "मला सांगायला वाईट वाटतं. मावशींचं वय झालंय. नजर कमी झालीय. कात्री धुवायची राहते. मी या धंद्यात नवा, मी त्यांच्या हातावर विश्वास ठेवला."

मावशी तिथेच वाळू चाळत उभी होती. चाळणी तिच्या हातात तशीच राहिली. तीस वर्षांत तिने रोज सकाळी कात्री उकळत्या पाण्यात बुडवली होती, तापात असतानाही. तिची मुलगी म्हणायची, आई दूध उतू गेलं तरी चालेल म्हणते, पण कात्रीचं पाणी उतू जाऊ देत नाही. आणि हा, कात्री कुठल्या बाजूने उघडते हे ज्याला परवा कळलं, तो हिच्या कात्रीला घाणेरडी म्हणतो!

तिने चाळणी वाळूवर आपटली. तोंडातून निघालं ते एवढंच: "खोटारड्या!"

"बघा," जावई लोकांना म्हणाला, "चिडतात."

फुलवाल्यांनी पीकसंरक्षणाच्या कचेरीत तक्रार केली. दोन दिवसांनी तिथल्या तपासणीच्या बाई आल्या. सडपातळ, मोठा चष्मा, हातात लाकडी पेटी. बियांच्या काउंटरवर त्यांनी पेटीतून सूक्ष्मदर्शक काढला, लव आलेल्या पानाचा तुकडा कापून खाली ठेवला आणि स्क्रू फिरवत राहिल्या. जावई बाजूला, फुलवाली दारात, मावशी काउंटरच्या अलीकडे.

"कोण बघणार?" बाई म्हणाल्या.

"मी," मावशी म्हणाली, जावयाच्या आधी.

पहिल्यांदा तिला स्वतःच्याच पापण्या दिसल्या. "डोळा जरा लांब धरा," बाई म्हणाल्या. मग एकदम रान उभं राहिलं. पांढरे, वेडेवाकडे केस, पावसानंतर माजलेल्या गवतासारखे. आणि त्या गवतात काहीतरी वळवळलं. फिकट पिवळं, गाजरासारखं, पुढे जाड आणि मागे निमुळतं. एक नाही, दहा. वीस.

"अगंबाई. हे जिवंत आहे."

"कोळी आहे तो. कोळ्यांच्या जातीतला सगळ्यात बारीक. नुसत्या डोळ्याला दिसायचा नाही. एका पानावर हजारो असतील."

"कोळ्याला आठ पाय असतात. याला चारच दिसतात, तेही तोंडाशी."

"चारच. बाकीचे कुठल्या तरी पिढीत टाकून दिले. त्याला कुठे चालायचंय? वारा नेतो, माणसाच्या बाह्या नेतात, काडी नेते."

मावशीने डोळा काढला नाही. "आणि ही लव? ती याने विणली?"

"नाही, झाडालाच उगवली. हा पानाच्या पेशीला टोचतो, रस ओढतो. त्या टोचण्याने झाड बावचळतं आणि तिथे केस उगवतात. त्या केसांत हा राहतो, अंडी घालतो. फवारा लागत नाही, ऊन लागत नाही."

मावशी सरळ झाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे रक्त प्यायचं याने, आणि वर घरही ज्याचं प्यायलं त्यानेच बांधून द्यायचं?"

"तसंच म्हणायचं."

"मेल्याच्या अंगाला हात नाहीत म्हणून बरं. नाहीतर वर पाटीही लावली असती."

दारातून फुलवाली खो खो हसली आणि लगेच गप्प झाली, कारण तिला आठवलं की ती चिडलेली आहे.

जावयाने घसा साफ केला. "बाई, हे घाणेरड्या कात्रीने पसरतं, नाही का?"

"कात्रीने थोडंफार. खरं पसरतं ते रोगी झाडाची काडी लावल्याने. कोवळ्या शेंड्याची असेल तर विचारूच नका, सगळी वस्ती तिथेच असते. पूर्वी गंधक मारत होतात का?"

"मारायचो," मावशी म्हणाली.

"मग का थांबलात?"

जावई पावती-पुस्तकाची पानं उलटायला लागला.

संध्याकाळी सगळ्या बायका गेल्यावर त्याने मावशीला थांबवलं. टेबलावर पीकसंरक्षण कचेरीचा छापील अर्ज होता. 'रोग पसरण्याचं कारण' या रकान्यात त्याने स्वतःच लिहिलं होतं: कामगाराच्या हलगर्जीपणामुळे रोगट काड्या वापरल्या गेल्या. खाली कामगाराची सही.

"एवढी सही करा, मावशी. उद्या अंगणात सगळ्यांसमोर मी वाचून दाखवतो, बाई शिक्का मारतात, विषय मिटतो. तुम्हाला काढत नाही मी. पाणी घालायचं काम देतो, सावलीत. वय झालंय."

"आणि नाही केली तर?"

त्याने खांदे उडवले. सोफेवाल्याला बार्गेनिंगमध्ये गप्प कधी बसायचं ते कळतं.

घरी मुलगी शिलाईच्या कारखान्यातून येऊन पाय चोळत बसली होती. मावशीने अर्ज तिच्यापुढे टाकला आणि जावयाच्या सात पिढ्या उद्धरायला सुरुवात केली. त्याच्या तागे मोजणाऱ्या हातांना, त्याच्या मऊ आवाजाला, त्याच्या पाटीला. मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तू लावल्यास का त्या काड्या?"

"लावल्या. त्याने सांगितलं म्हणून."

"रोग आहे हे तुला ठाऊक होतं?"

"खरूज म्हणाले होते मी, तोंडावर!"

"मग लावल्यास कशाला?"

परकी पोर असती तर कानाखाली दिली असती. ही पोटची, आणि प्रश्न सरळ.

"आमच्याकडे," मुलगी पाय चोळतच म्हणाली, "डागाळलेला तागा आला नि आम्हाला तो दिसला, तर मुकादम काही म्हणो, शिवणारीने सुई थांबवायची असते. नाहीतर डाग आमचाही."

"तुझ्या कारखान्याचं मला सांगू नकोस!"

"बरं, नाही सांगत. जेवून घे."

मावशी जेवली नाही. अंथरुणावर पडून जावयाला शिव्या देत राहिली, आणि प्रत्येक शिवी संपली की मागे बुटकीचं तोंड दिसायचं. ओळ बुटकीला देऊन टाकतो. फक्त तेवढंच ऐकून तिने कात्री उचलली होती. त्याने दोन बोटांनी ओढलं आणि ही चालली, दाव्याला बांधलेल्या म्हशीसारखी. राग आता कुणावर काढायचा तेही कळेना. सगळ्यात जास्त तिला याचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी अंगणात पंधरा-वीस फुलवाले जमले. तपासणीच्या बाई खुर्चीवर, मांडीवर शिक्क्याची पेटी. जावयाने अर्ज वाचला आणि मावशीपुढे पेन धरलं.

"हलगर्जीपणा," मावशी म्हणाली, "हा शब्द खोडा."

"मावशी, आता तमाशा नको."

"हलगर्जीपणा म्हणजे लक्ष नसणं. माझं पूर्ण लक्ष होतं. एकेक काडी बघून लावली मी." ती फुलवाल्यांकडे वळली. "ह्या माणसाने गंधक बंद केलं. ह्याने रोगाला पाटी लावली. मी तीनदा नाही म्हणाले, तीन दिवस, ही बुटकी साक्षीला आहे. बोल गं!"

बुटकी जमिनीकडे बघत म्हणाली, "म्हणाल्या होत्या. खरूज."

"ते त्याच्या पदरात घाला. आणि आता माझ्या पदरातलं. चौथ्या दिवशी मी लावल्या. पोटासाठी नाही, भीतीने नाही. माझी ओळ हिच्या हातात जायला नको म्हणून. माझाच दोरा दिसायला हवा होता मला. दिसतोय आता, गावभर. हेही लिहा. बाई, लिहा. दोन्ही लिहिलंत तर सही करते. एकच लिहिणार असाल, कुठलंही, तर नाही."

"असं लिहायला रकाना नाहीये," जावई म्हणाला.

बाईंनी चष्मा वर सरकवला, त्याच्या हातून अर्ज घेतला, मागची कोरी बाजू काढली आणि लिहायला लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या. मावशीने वाचलं, एके ठिकाणी 'तीन दिवस'खाली रेघ ओढली आणि सही केली. मग पेन जावयापुढे धरलं. त्याने पेन घेतलं नाही. बाई म्हणाल्या, "तुमच्या सहीशिवायही शिक्का बसतो," आणि तो बसवला.

"उद्यापासून येऊ नका," जावई म्हणाला.

"उद्या कशाला, आजचंच बोला," मावशी म्हणाली आणि आपली कात्री काढून घेतली. ती तिच्या मालकीची होती.

लोक पांगले. कुणी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि ठेवला असता तर तिने झटकला असता. फाटकापाशी फुलवाली वाट अडवून उभी होती.

"बोललीस छान. आता माझ्या अर्ध्या एकराचं काय?"

"चल," मावशी म्हणाली.

बाग खरंच पांढरी होती. बांधावरून आत, ओळीमागून ओळ. मावशी पहिल्याच झाडाशी उकिडवी बसली आणि जमिनीपासून वीतभर ठेवून कापायला लागली. फुलवाली मागे गोणी घेऊन, तोंड एक क्षण बंद नाही. बारा वर्षं वाढवलं. पोरांसारखं. तूच लावलेलं, तूच कापतेस. मावशी कापत राहिली. सहाव्या ओळीत एक झाड हिरवंगार होतं.

"हे सोड. हे चांगलं आहे."

"चांगलं दिसतंय. तो कोळीही डोळ्याला दिसत नाही." कात्री चालली. फुलवालीच्या तोंडून कळवळ्याचा आवाज निघाला, जणू कात्री तिच्याच बोटावर पडली.

"पुढे कुणाच्या काड्या लावू मी? तुझ्या तर नकोतच."

"माझ्या नकोच. खोडातून नवी पालवी फुटू दे. स्वच्छ आली तर याच झाडांच्या काड्या तू स्वतः लाव."

"मला कुठे येतंय?"

"मी काय आईच्या पोटातून शिकून आले होते? ही फांदी धर आधी. घट्ट धर, आणि अलगद गोणीत घाल. झटकू नकोस. अगं झटकू नकोस म्हणते ना, वाऱ्यावर सोडतेस का सगळे! सांगून कळत नाही का तुला?"

"ओरडू नकोस माझ्यावर, माझ्या बागेत उभी राहून!"

"मग नीट धर!"

फुलवालीने नीट धरली. अजून अकरा ओळी बाकी होत्या.